खोकत दारात आलेली माणसं

१७७० च्या उन्हाळ्यात थोरल्या माधवरावांच्या फौजा निजगलच्या किल्ल्याला भिडल्या. बेंगळुरूहून तुमकुरूकडे जाणाऱ्या वाटेवरचा हा डोंगरी किल्ला. झुंजीत धाकटे बंधू नारायणराव जखमी झाले, किल्ला हाती आला; पण तिथून पुढे हैदर अलीवर चालून जायचं तर पेशव्यांचं शरीर साथ देईना. मोहीम त्र्यंबकराव पेठ्यांवर सोपवून ते परत फिरले. अडीच वर्षांत, १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, थेऊरला क्षयाने त्यांचा अंत झाला. वय अवघं २७. ज्यांच्या नावाचा दिल्लीपासून कर्नाटकापर्यंत दरारा होता, त्यांच्या दुखण्यावर औषध जगात कुठेच नव्हतं.

ते यायला पावणेदोनशे वर्षं लागली. १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन आणि ‘पास’ (पीएएस), १९५२ साली आयसोनियाझिड. औषध तर आलं. पण ते गावोगावच्या खोकणाऱ्या माणसापर्यंत न्यायचं कसं, हा प्रश्न उरलाच. त्याचा हिशेब जगाला ज्या शहराने मांडून दिला ते शहर बेंगळुरू, निजगलपासून जेमतेम दीड तासावरचं.

हा इतिहास सर्जापूर रोडवर राहणाऱ्या मराठी माणसाला ठाऊक असावा असं मला मनापासून वाटतं. कोरमंगलातल्या सेंट जॉन्स रुग्णालयाजवळून हा रस्ता निघतो. आगरा, इब्लूर, कैकोंड्रहळ्ळी, दोड्डकन्नेल्ली, कोडती, दोम्मसंद्र अशी गावं मागे टाकत आनेकल तालुक्यातल्या सर्जापूरला पोचतो. विप्रोचं मुख्यालय याच रस्त्यावर. पुण्या-नागपूरहून, कोल्हापूर-बेळगावहून नोकरीसाठी आलेली कितीतरी कुटुंबं इथल्या सोसायट्यांत स्थिरावली आहेत. त्यांच्या लेखी क्षय म्हणजे पणजोबांच्या काळातली गोष्ट, जुन्या सिनेमातला रक्ताचा रुमाल. या इमारती उभ्या करणारे मजूर मात्र पत्र्याच्या खोल्यांत राहतात. खोलीला धड खिडकी नाही, आत पाच-सहा जण, जेवण मिळेल तसं. क्षयाच्या जंतूला याहून वेगळं काही लागत नाही. कुंपणाच्या एका बाजूला रोग विरळ आणि दुसऱ्या बाजूला घरचा. सुमारे पाऊणशे वर्षांपूर्वी जगाच्या नकाशावर असंच एक कुंपण पडत होतं, आणि त्याच्या पलीकडून काही माणसं उठून इकडे आली. तिथून ही हकीकत सुरू होते.

दुसऱ्या महायुद्धानंतर क्षयाने सर्वांत कमी माणसं मरणाऱ्या देशांत डेन्मार्कची गणना होऊ लागली. बरं खाणंपिणं, बऱ्यापैकी घरं, दवाखान्यांचं जाळं आणि घरोघर जाऊन केलेली चौकशी यांतून हे साधलं होतं. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या युरोपात मात्र क्षय उसळला होता. डॅनिश रेडक्रॉसने लस घेऊन शेजाऱ्यांकडे पथकं पाठवली, नॉर्वे आणि स्वीडनच्या मदतसंस्था सामील झाल्या, युनिसेफने पैसा उभा केला आणि १९४८ साली आंतरराष्ट्रीय क्षयरोग मोहीम उभी राहिली. तिचे प्रमुख होते डॅनिश डॉक्टर योहानेस होल्म. तीन वर्षांत सुमारे ३ कोटी लोकांची चाचणी आणि १ कोटी ४० लाखांच्या आसपास लोकांना बीसीजी, एवढा तिचा पसारा झाला. तीन छोटे शेजारी देश, ज्यांच्याकडे हा रोग ओसरत चालला होता, त्यांनी हातात हात घालून दुसऱ्यांच्या घरातल्या रोगाकडे पाहायचं ठरवलं. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात एवढ्या मोठ्या मनाच्या गोष्टी फार नाहीत.

हिंदुस्थानात या मोहिमेचा पहिला पाय पडला तो मदनपल्लीला. हे गाव आंध्रात, पण बेंगळुरूहून ईशान्येला सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर. तिथे आरोग्यवरम नावाचं क्षयरुग्णालय १९१५ पासून होतं, अनेक मिशनांनी मिळून चालवलेलं. त्याचे पहिले वैद्यकीय अधीक्षक ख्रिश्चन फ्रिमोट-मोलर हे डॅनिशच, आणि पुढे त्याच आडनावाचे योहानेस फ्रिमोट-मोलर यांनी आसपासच्या खेड्यांत वर्षानुवर्षं क्षयाची पाहणी केली. डॉ. पी. व्ही. बेंजामिन याच रुग्णालयातले. स्वातंत्र्यानंतर ते केंद्र सरकारचे क्षयरोग सल्लागार झाले. १९४८ मध्ये बीसीजीला इथून सुरुवात झाली, गिंडीच्या किंग इन्स्टिट्यूटमध्ये लस तयार होऊ लागली, १९५१ पासून ती देशभर द्यायला घेतली. विरोधही झाला. राजाजींसारख्या माणसाने १९५५ साली सामूहिक बीसीजीच्या विरोधात पुस्तिका लिहिली. त्या विरोधाला अडाणीपणा म्हणून झटकणं मला बरोबर वाटत नाही. चेंगलपट्टूला १९६८ पासून झालेल्या प्रचंड चाचणीचा निकाल आला तेव्हा मोठ्या माणसांच्या फुफ्फुसाच्या क्षयापासून या लसीने संरक्षण मिळत नाही, असंच दिसलं. बालकांमधल्या गंभीर क्षयावर ती उपयोगी आहे, म्हणून आजही दिली जाते. चाचणी करणाऱ्यांनी हा नकोसा निकाल जगापुढे ठेवला, ही या संशोधनाच्या परंपरेची खरी कमाई.

लशीचं हे काम सुरू झालं तोवर आपल्याकडे क्षयावरचा इलाज म्हणजे हवापालट. मराठी मुलखात पाचगणीला डॉ. बिलिमोरियांचं बेल-एअर, मिरजेजवळ वान्लेसवाडीचं आरोग्यधाम. उंचावरची हवा, दूध, अंडी, आराम, आणि महिनोन्‌महिने घरापासून दूर. ज्याला परवडलं त्याने केलं. बाकीच्यांनी घरातल्या एका कोपऱ्यात वेगळं ताट-भांडं घेऊन दिवस काढले. मुलीचं लग्न मोडेल म्हणून रोगाचं नावही उच्चारायचं नाही, ही रीत तर अजून गेलेली नाही.

१९५५ ते १९५८ या काळात भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने पहिली राष्ट्रीय नमुना पाहणी केली आणि एक मोठा समज कोसळला. क्षय हा गिरण्यांचा, चाळींचा, शहरांचा रोग, असं सगळे धरून चालले होते. पाहणीत खेड्यांतही तो जवळजवळ तेवढाच निघाला. हजारात साधारण चार जणांच्या थुंकीत जंतू. देशाच्या लोकसंख्येला गुणून पाहिलं तर संसर्ग पसरवणारे रुग्ण पंधरा लाखांवर जात होते आणि खाटा होत्या काही हजार. आणखी शंभर पाचगण्या वसवल्या तरी हा हिशेब जुळणार नव्हता.

वाट दाखवली मद्रासने. तिथे १९५६ साली भारतीय परिषद, मद्रास सरकार, ब्रिटनची वैद्यक संशोधन परिषद आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून एक केंद्र काढलं. वॉलेस फॉक्स त्याचे प्रमुख. दाटीवाटीच्या वस्तीतल्या गरीब रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला आरोग्यधामात ठेवलं, दुसऱ्याला घरी. गोळ्या दोघांना त्याच. वर्षभरानंतर दोन्हीकडे गुण जवळपास सारखाच आला, आणि घरी राहिलेल्या रुग्णांमुळे कुटुंबीयांना जास्त लागण झाली असंही आढळलं नाही. १९५९ साली हे छापून आलं आणि जगभरच्या आरोग्यधामांचा पायाच हलला. दूध-अंडी आणि डोंगरावरची हवा यांच्यावाचून गरिबाचा क्षय बरा होतो, हे मद्रासच्या झोपड्यांनी सिद्ध केलं होतं.

आता उरला तो कारभाराचा प्रश्न. बरं करणारी गोळी आहे, घरी देता येते; पण पाच लाख खेड्यांत द्यायची कुणी? यासाठी १९५९ मध्ये बेंगळुरूला राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. बळ्ळारी रोडवरची, मैसूरच्या राजघराण्याकडची ‘अ‍ॅव्हलॉन’ ही वास्तू तिला मिळाली. जागतिक आरोग्य संघटनेने तज्ज्ञ दिले, युनिसेफने सामग्री. १६ सप्टेंबर १९६० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते रीतसर उद्घाटन झालं. इथेही डॅनिश होतेच. स्टिग अँडरसन हे संघटनेच्या पथकाचे म्होरके. या सगळ्याच्या आखणीत हाफडन मालर हा तरुण डॉक्टर होता, १९५१ पासून भारतात क्षयाच्या कामात मुरलेला. हेच मालर पुढे १९७३ ते १९८८ जागतिक आरोग्य संघटनेचे महासंचालक होते, आणि प्राथमिक आरोग्यसेवेवरची १९७८ ची आल्माआटा परिषद त्यांच्याच कारकिर्दीतली. सर्वांसाठी आरोग्य ही घोषणा ज्याने जगभर नेली, त्याची दहा वर्षांची शाळा भारतातल्या क्षयाच्या दवाखान्यांत भरली होती.

बेंगळुरूच्या संस्थेचं पहिलं मोठं काम तुमकुरू जिल्ह्यात. फिरती क्ष-किरण यंत्रं खेड्याखेड्यांतून गेली, राज नारायण आणि सहकाऱ्यांनी आकडे मांडले. त्याच वेळी एका वेगळ्या माणसाने एक वेगळाच प्रश्न विचारला. देबाबर बॅनर्जी हे डॉक्टर, पण मानववंशशास्त्र शिकून आलेले. त्या काळी जाणत्यांचं ठाम मत होतं की खेडूत अडाणी आहे, त्याला रोगाची जाण नाही, तो वैदूकडे जातो. तेव्हा आधी प्रचार करा, गाड्या पाठवा, त्याला शोधून काढा. बॅनर्जी आणि अँडरसन यांनी पाहणीत सापडलेल्या रुग्णांनाच जाऊन विचारलं. तुम्हाला काय होतंय? काळजी वाटते का? त्यावर तुम्ही काय केलंत?

थुंकीत जंतू असलेल्यांपैकी दहात नऊहून अधिक जणांना आपलं दुखणं ठाऊक होतं. जवळजवळ तीन-चतुर्थांशांना त्याचा घोर लागला होता. आणि निम्म्याहून अधिक जण त्यासाठी कुठे ना कुठे दवाखान्यात जाऊनही आले होते, रोजगार बुडवून, मैलोन्‌मैल चालत. तिथे त्यांना काय मिळालं? खोकल्याच्या औषधाची बाटली. थुंकी कुणी तपासली नाही.

१९६३ साली या पाहणीवरचा निबंध जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. क्षयाच्या इतिहासात मी ज्या मोजक्या गोष्टींना वळण म्हणेन त्यांत हा आहे, कारण त्याने दोष रुग्णाच्या पदरातून उचलून यंत्रणेच्या पदरात टाकला. माणूस खोकत, धापा टाकत स्वतःच्या पायांनी दारात आला होता. दार उघडणाऱ्याने त्याच्याकडे पाहिलं नाही.

यातून जो कार्यक्रम जन्मला तो म्हणूनच साधा होता. १९६२ पासून जिल्हा क्षयरोग कार्यक्रम आकाराला आला. क्षयाचा वेगळा दवाखाना, वेगळं लष्कर नको. जिथे माणूस तापासाठी, खरजेसाठी जातो त्याच प्राथमिक केंद्रात खोकल्याचीही तपासणी व्हावी. त्यासाठी लागणारी वस्तू म्हणजे एक सूक्ष्मदर्शक आणि काचपट्टी रंगवणारा माणूस. रुग्णाने सकाळी उठल्यावर खोल श्वास घेऊन काढलेला बेडका डबीत द्यायचा. नुसती लाळ चालत नाही. त्यातला पिवळसर घट्ट भाग काडीने उचलून काचपट्टीवर पसरायचा, सुकवायचा, ज्योतीवरून फिरवून पक्का करायचा. वर लालभडक कार्बोल फुक्सिन ओतून खालून वाफ येईतो ऊब द्यायची, उकळू द्यायचं नाही. मग आम्लाने धुवायचं. सगळ्याचा रंग उडतो, क्षयाच्या जंतूचा उडत नाही. त्याच्या अंगावरचं मेणचट कवच रंग सोडत नाही. शेवटी मिथिलीन निळा. तेलाचा थेंब टाकून भिंगातून पाहिलं की निळ्या पार्श्वभूमीवर बारीक, किंचित वाकलेल्या लाल काड्या दिसतात. एक क्षेत्र पाहून भागत नाही, शंभर पाहावी लागतात. गर्दीच्या केंद्रातल्या तंत्रज्ञाने तिसाव्या क्षेत्रावर कंटाळून ‘नाही’ लिहिलं की एक माणूस बाटली घेऊन घरी परततो. सगळा राष्ट्रीय कार्यक्रम त्या उरलेल्या सत्तर क्षेत्रांवर उभा होता.

बेंगळुरूच्या संस्थेत जिल्ह्याजिल्ह्यातली पथकं शिकायला यायची, एकटा डॉक्टर नव्हे तर सगळं पथक: जिल्हा क्षयरोग अधिकारी, तंत्रज्ञ, क्ष-किरणवाला, आकडेवारी ठेवणारा, आणि उपचार-संघटक, म्हणजे गोळ्या न्यायला न आलेल्याच्या घरी जाऊन चौकशी करणारा. महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांची घडीही याच आराखड्यावर बसली. याच वास्तूत नॉर्वेचे हान्स वालर यांनी गेझर आणि अँडरसन यांच्यासह क्षयाच्या प्रसाराचं गणिती प्रतिमान मांडलं, १९६२ साली. या विषयातल्या जगातल्या अगदी पहिल्या प्रतिमानांपैकी ते एक. सॉफ्टवेअरचं शहर होण्याच्या कितीतरी आधी बेंगळुरूत असा आकड्यांचा खेळ मांडला गेला होता, आणि त्याचा विषय होता खेड्यातला खोकला.

याच संस्थेची एक पाहणी वाचताना मात्र जीव कासावीस होतो. १९६१ ते १९६८ या काळात बेंगळुरू जिल्ह्याच्या तीन तालुक्यांतली ११९ गावं पुन्हा पुन्हा तपासली गेली. त्या भागात क्षयाविरुद्ध सक्रिय कार्यक्रम पोचलेला नव्हता. पहिल्या फेरीत सापडलेल्या रुग्णांचं पाच वर्षांनी काय झालं? जवळपास निम्मे मेले होते, तिसरा हिस्सा आपोआप बरा झाला होता, उरलेले अजून जंतू टाकत होते. औषध नसेल तर हा रोग काय करतो याचा जगातला सर्वांत भरवशाचा दाखला म्हणून हे आकडे आजही पाठ्यपुस्तकांत असतात. विज्ञानाला त्यांचा उपयोग झाला हे खरं. पण मद्रासचा निकाल १९५९ लाच आला होता आणि ही गावं त्याच देशात, राज्याच्या राजधानीच्या उंबरठ्यावर होती, हेही खरं. ते निम्मे ज्या घरांतून उठले त्या घरांचं ऋण कुठल्याच पाठ्यपुस्तकात नोंदलेलं नाही.

बॅनर्जींचा निबंध आला त्याच १९६३ मध्ये सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झालं. आज सर्जापूर रोडवर दिसणाऱ्या त्याच्या आवारातलं रुग्णालय १९७५ चं. नवे डॉक्टर खेड्यांत काम करून यावेत, हा त्या महाविद्यालयाचा सुरुवातीपासूनचा आग्रह. १९७३ साली तेव्हाच्या कोलार जिल्ह्यातल्या मळ्ळूरच्या दूध संस्थेबरोबर त्यांनी आरोग्य सहकारी संस्था काढली. लिटरमागे थोडे पैसे बाजूला टाकून गाव दवाखाना चालवू लागलं. वारणा-गोकुळच्या मुलखातल्या वाचकाला यातली ताकद समजावून सांगायची गरज नाही. सेंट जॉन्समध्येच शिकवणारे रवी आणि थेल्मा नारायण १९८४ मध्ये बाहेर पडले आणि त्यांनी बेंगळुरूत सामुदायिक आरोग्याचं काम उभं केलं. थेल्मा नारायण यांनी पुढे लंडनला राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाच्या धोरणावर आणि अंमलबजावणीवर प्रबंध लिहिला. आखणी एवढी शहाणी असून ती जमिनीवर का विरली, हा त्यांचा प्रश्न. पैसा कमी, औषधं अधूनमधून संपलेली, पदं रिकामी. कुटुंबनियोजनाच्या लक्ष्यांपुढे क्षयाला वालीच उरला नाही.

ज्यांना सरकारी दवाखान्यात बाटलीच मिळत होती ते खासगीकडे वळले. तिथली गत मुंबईत मुकुंद उपळेकर यांनी १९९१ मध्ये दाखवली. शंभर खासगी डॉक्टरांनी क्षयासाठी लिहून दिलेल्या औषधयोजना ८० प्रकारच्या निघाल्या. १९९२ च्या आढाव्यात राष्ट्रीय कार्यक्रमाची उणीव कबूल झाली, १९९३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने क्षय ही जागतिक आणीबाणी जाहीर केली आणि सुधारित कार्यक्रमाची सुरुवात झाली. समोर बसवून गोळी देण्याची पद्धत तेव्हा नवी म्हणून आली. तिचं मूळ मद्रासच्या साठच्या दशकातल्या प्रयोगांत होतं.

रोग विरळ झालेल्या उत्तर युरोपातल्या देशांतही कहाणी संपली नव्हती. सोव्हिएत संघ कोसळल्यावर रशियाच्या तुरुंगांतून औषधांना न जुमानणारा क्षय बाहेर पडला. ज्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं क्षयाचा रुग्ण पाहिला नव्हता त्यांना तो ओळखू येईना. रोग विरळ झाला की अशी पंचाईत होते: प्रयोगशाळेचा हात सुटतो, पैसा दुसरीकडे वळतो, नेमकं तेव्हाच सीमेपलीकडून एक खोकला येतो. १९९० पासूनच नेदरलँड्समधल्या वोल्फहेझ गावी युरोपचे क्षयतज्ज्ञ जमू लागले होते. २००० साली डेन्मार्कमधल्या कोल्डिंगला बाल्टिक समुद्राभोवतीच्या देशांचे पंतप्रधान भेटले आणि संसर्गजन्य रोगांसाठी सामायिक कृतिदल नेमलं गेलं. पथकं, प्रशिक्षण, प्रयोगशाळा सगळं सीमा ओलांडून. २०१४ मध्ये दहा लाखांत शंभराहून कमी रुग्ण असलेल्या ३३ देशांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने निर्मूलनाचा आराखडा काढला. स्थलांतरित, बेघर, तुरुंगातले लोक यांच्यापर्यंत आधी पोचा, हे त्यातलं महत्त्वाचं कलम.

भारतात २०२१ मध्ये लक्षद्वीप आणि काश्मीरमधला बडगाम यांना क्षयमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. निकष होता २०१५ च्या तुलनेत ८० टक्के घट. अशी विरळ बेटं वाढतील. पण कलबुर्गी-रायचूरहून सर्जापूर रोडवर येणारा गवंडी बेट बदलत असतो. पेरणीला गावी, दिवाळीनंतर पुन्हा कामावर, मधेच दुसऱ्या ठेकेदाराकडे. सहा महिन्यांचा उपचार एका पत्त्यावर पुरा होईलच असं नाही. २०१२ पासूनची ‘निक्षय’ नोंदणी त्याचा क्रमांक या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात नेऊ शकते. २०१८ पासून पोषणासाठी महिना ५०० रुपये खात्यात येतात, २०२४ अखेरीस ते १००० झाले. पण क्रमांक गावी पोचल्यावर तिथल्या आरोग्यसेवकाने त्याच्या घरी जायला हवं. म्हणजे जिल्ह्याने जिल्ह्याशी तेच करायचं जे तीन छोट्या देशांनी १९४८ मध्ये केलं.

२०१९ ते २०२१ या काळात क्षयाची नवी राष्ट्रीय पाहणी झाली. लक्षणं असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक उपचारासाठी कुठेच गेले नव्हते. बहुतेकांनी दुखणं अंगावर काढलं होतं. बॅनर्जींनी थुंकीत जंतू सापडलेल्यांना विचारलं होतं, इथे लक्षणं असलेल्या सगळ्यांना विचारलं, त्यामुळे दोन आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करता येणार नाही. तरीही तुमकुरूच्या खेड्यांतली माणसं रोजगार बुडवून दारापर्यंत गेली होती, आणि त्यांची नातवंडं-पतवंडं जायचं टाळत आहेत, हे मला फार लागतं. त्याच पाहणीने आणखी एक सांगितलं: छातीचा क्ष-किरण काढला नसता तर ४० टक्क्यांहून अधिक रुग्ण सुटले असते, कारण त्यांना सांगण्यासारखी लक्षणंच नव्हती. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेत म्हणूनच हातात धरता येणारी क्ष-किरण यंत्रं वस्त्यांवर न्यायचं ठरलं. सर्जापूर रोडच्या कुठल्या बांधकामावर असं यंत्र आलं, किती जण त्यापुढे उभे राहिले आणि सापडलेल्यांपैकी किती जणांना गावी गेल्यावरही गोळ्या मिळाल्या, हे सोसायटीच्या बैठकीत ठेकेदाराला विचारता येण्यासारखे प्रश्न आहेत.